गरोदरपणातला व्यायाम: आधी आपला दिवस मोजा

गर्भ राहिल्याचं घरात कळलं की सल्ले सुरू होतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलटे असतात. सुरुवातीला ‘वाकू नकोस, जिना चढू नकोस, पाय वर घेऊन बस’. सातवा लागला की ‘उकिडवी बसून लादी पूस, चालत राहा, म्हणजे लवकर मोकळी होशील’. दोन्ही सल्ल्यांमागे माया असते. पण ही बाई दिवसभर करते काय, हे कुणी विचारत नाही. हिंजवडीत संगणकासमोर नऊ तास बसणारी आणि बीडहून ऊसतोडीला गेलेली, दोघींना चौथाच महिना असला तरी दोघींची गरज एक नाही. एकीला हालचाल हवी आहे, दुसरीला विसावा.

म्हणून व्यायाम निवडण्याआधी एक काम करा. नेहमीचा एखादा दिवस घ्या आणि उठल्यापासून झोपेपर्यंत किती वेळ बसलात, किती वेळ उभ्या होतात, किती चाललात, वजन किती वेळा उचललं आणि दिवसा किती वेळ आडव्या झालात, हे कागदावर लिहा. घरकाम त्यातून वगळू नका. पाण्याच्या कळशा, ओल्या कपड्यांची बादली, कडेवरचं मोठं मूल, सगळं धरा. हा कागद तपासणीला जाताना बरोबर न्या. ‘व्यायाम करू का?’ या मोघम प्रश्नापेक्षा त्या कागदावर डॉक्टरांना नेमकं उत्तर देता येतं.

आधी कष्टाचं काम करणाऱ्या बायकांबद्दल लिहिते, कारण व्यायामाच्या लेखांत त्या सहसा नसतातच. पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास नव्वदच्या दशकात झाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव आणि त्यांचे सहकारी त्यात होते. त्यातला एक भाग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो बायकांच्या कामाबद्दल होता. शेतकाम, पाणी भरणं, घरातली अंगमेहनत हे सगळं त्यांनी मोजलं. गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि मधल्या महिन्यांत ज्यांचं काम जास्त होतं, त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरीने कमी निघालं, डोक्याचा आणि दंडाचा घेरही कमी भरला. या बायका मुळात बारीक आणि जेमतेम खाणाऱ्या होत्या. पोटात जेवढं जातं त्याहून जास्त कामात खर्च झालं, तर बाळाच्या वाट्याला कमी येतं.

तेव्हा शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करून परत आपल्या घरचं सगळं उरकणाऱ्या बाईला ‘रोज अर्धा तास चाला’ असं सांगणं चुकीचं आहे. तिच्यासाठी चांगला सल्ला असा: दुपारी तास-दोन तास कुशीवर पडायचं, जड उचलणं आणि तासन्‌तास वाकून किंवा उभं राहून करायचं काम इतरांनी वाटून घ्यायचं, आणि एक जेवण वाढवायचं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी जे ५,००० रुपये मिळतात, ते याचसाठी आहेत. मजुरी बुडाली तरी बाईला आराम घेता यावा, ही त्यामागची कल्पना. अंगणवाडीताईंकडे किंवा आशाताईंकडे त्याची चौकशी करा. घरातल्या पुरुषांना माझं सांगणं आहे, की हे महिने पाणी तुम्ही भरा. औषधाच्या गोळीइतकंच ते महत्त्वाचं आहे.

आता कागदावर ‘बसणं’ हाच मोठा आकडा आलेल्यांसाठी. कार्यालयात नोकरी, घरातून काम, दुचाकी-रिक्षाने ये-जा, स्वयंपाकाला बाई. अशा निरोगी गरोदर स्त्रीने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन सांगतं. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आजवर कधीच व्यायाम केला नसेल, तर दहा मिनिटांपासून सुरू करा आणि आठवड्याआठवड्याने वाढवा. अर्धा तास सलग जमला नाही तरी काही बिघडत नाही. तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाललात तरी भरून निघतं. गरोदरपणात साखर वाढलेल्यांना तर हीच पद्धत जास्त उपयोगी पडते, कारण जेवणानंतर चढणारी साखर स्नायूंच्या कामात वापरली जाते. नियमित हालचालीने वजन बेताचं वाढतं, साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका कमी होतो, कंबरदुखी आटोक्यात राहते, झोप आणि मनही सुधारतं.

‘मध्यम जोर’ ओळखायचा कसा? १९८५ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नका, अशी मर्यादा घातली होती. १९९४ मध्ये त्यांनीच ती काढून टाकली, तरी ती अजून सांगितली जाते. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढतं, नुसतं बसलं तरी नाडी नेहमीपेक्षा दहा-वीस ठोक्यांनी पुढे असते. म्हणून मनगटावरच्या घड्याळातला आकडा इथे फसवा ठरतो. त्याहून भरवशाची कसोटी बोलण्याची आहे. चालताना बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर वेग कमी करा. आरामात गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही.

काही जणींनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय व्यायाम सुरूच करू नये. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा गंभीर आजार, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणं, दिवसांआधी कळा येण्याचा धोका असलेली जुळी-तिळी, अंगावरून वारंवार रक्त जाणं, सव्वीस आठवड्यांनंतरही वार खाली असणं, पाणी गेलेलं असणं, आणि गरोदरपणात वाढलेला रक्तदाब. या यादीत आपल्याकडे विसरली जाणारी गोष्ट म्हणजे रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की गरोदरपणात त्याला रक्तक्षय म्हणतात, ७ च्या खाली गेलं की तो तीव्र. तीव्र रक्तक्षयात व्यायाम पूर्ण थांबवायचा आणि आधी रक्त वाढवायचं. मधल्या आकड्यांत डॉक्टर सांगतील तेवढंच. थोडं चाललं तरी धाप लागते, छातीत धडधडतं, ते ‘दोन जिवांची आहे म्हणून’ असेलच असं नाही. लोहाची गोळी नियमित घ्या, आणि चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नका. चहामुळे लोह अंगी लागत नाही. तपासणीची सोय नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात ती मोफत होते.

डॉक्टरांनी ‘आराम करा’ म्हटलं, तर त्याचा अर्थ तिथल्या तिथे विचारून घ्या. ऑफिसला जाऊ का? जिना चढू का? स्वयंपाक करू का? किती दिवस? पूर्ण वेळ अंथरुणात पडून राहणं फार थोड्या जणींना लागतं, आणि त्याचे तोटेही आहेत. पायांत रक्ताची गाठ होऊ शकते, स्नायू झिजतात. एका शब्दावरून आपण सासर-माहेर मिळून महिनोन्‌महिने पलंगाचं बंधन घालून घेतो. विचारल्याशिवाय तसं करू नका.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि थकवा एवढा असतो की व्यायाम सुचतही नाही. नाही जमला तर मनाला लावून घेऊ नका. जमेल त्या दिवशी चाला. या काळातली सर्वांत मोठी भीती म्हणजे हालचालीने गर्भ पडेल. सुरुवातीला होणाऱ्या गर्भपातांपैकी बहुतेकांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतं. चालण्याने, वाकून झाडण्याने किंवा जिना चढण्याने निरोगी गर्भ पडत नाही. ज्यांना हे दुःख भोगावं लागलं आहे, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे नीट ऐकावं, ही कळकळीची विनंती आहे. या महिन्यांत जपायचं ते उष्णतेपासून. अंगाचं तापमान फार चढणं वाढत्या गर्भाला चांगलं नाही. म्हणून स्टीम, सॉना, तापवलेल्या खोलीतला योग आणि भर उन्हातला व्यायाम टाळा.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात बहुतेकींना बरं वाटू लागतं. सवय लावायचा हाच काळ. साधारण विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर उताणं पडून करायचे व्यायाम बंद करा. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या नीलेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, चक्कर येते, मळमळतं. तसं झालं तर लगेच कुशीवर वळा. सांध्यांना धरून ठेवणारे अस्थिबंधही या काळात सैल पडू लागतात, त्यामुळे एरवी सहज जमणारा ताणही आता जपून द्यायचा. अंथरुणातून सरळ उठून बसायची सवयही आताच मोडा. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देत उठायचं. म्हणजे पोटाच्या मधल्या स्नायूंवर नको तो ताण येत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत शरीराचा तोल पुढे सरकतो, कंबरेचा बाक वाढतो, पावलं सुजतात. वेळ आणि वेग दोन्ही कमी करा. जांघेच्या मध्यभागी किंवा कमरेखाली, विशेषतः जिना चढताना आणि कुशी बदलताना कळ येत असेल, तर ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांवर ताण आलेला असतो. तेव्हा एका पायावर उभं राहणं आणि मांड्या फाकवायची आसनं थांबवा. सलवार बसून घाला. गाडीत आधी बसा आणि मग दोन्ही गुडघे जवळ ठेवून पाय आत घ्या. फिजिओथेरपिस्टला दाखवलंत तर लवकर आराम पडतो. ‘एवढं दुखायचंच’ म्हणून हे सोसत राहू नका.

चालणं सगळ्यांत सोपं, पण चालायचं कुठे, हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. फुटपाथ उखडलेले, त्यावर गाड्या लावलेल्या, कोपऱ्यावर कुत्री. सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, देवळाचा प्रशस्त परिसर, अशी सपाट जागा शोधा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा ऊन पूर्ण कलल्यावरच निघा. मुंबई-कोकणात आकडा कमी दिसला तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापतं, हे लक्षात ठेवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात आणि पाणंदीत जाऊच नका. घरात जागच्या जागी पावलं टाकली, पडवीत येरझाऱ्या घातल्या, तरी चालतं. सपाता नकोत. मागून पक्के बांधलेले, पकड असलेले बूट किंवा सँडल घ्या, आणि पाय सुजत असतील तर एक माप मोठे. उपाशी पोटी निघू नका. एखादं केळं, राजगिऱ्याचा लाडू किंवा मूठभर भिजवलेले शेंगदाणे खाऊन निघा. पाण्याची बाटली बरोबर असू द्या.

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम हवेत. साधन लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून तळवे भिंतीवर टेकवून कोपर वाकवत पुढे जायचं आणि मागे यायचं. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, म्हणजे पोटऱ्या भक्कम होतात. रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढा, लगेच सुटतो. हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळूच वर घ्यायची आणि सरळ करायची, यासारखं कंबरेला सुख देणारं दुसरं काही नाही. व्यायाम कोणताही असो, जोर लावताना श्वास रोखू नका. उठताना श्वास सोडा.

एक व्यायाम मात्र कष्टकरी, बैठी, नवखी, सराईत, सगळ्यांनी करावा. तो ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे हे स्नायू आहेत. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये त्यांचा व्यायाम मांडला, म्हणून त्याला केगेल म्हणतात. लघवी आणि वारा एकाच वेळी अडवायचा असेल तर जे आत आणि वर खेचाल, तेच हे स्नायू. पाच सेकंद खेचून धरा आणि पाच सेकंद पूर्ण सैल सोडा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या, नितंब, पोट आवळू नका आणि श्वास चालू ठेवा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. सैल सोडणंही तितकंच शिकायचं आहे, कारण बाळ बाहेर येताना हे स्नायू सुटावेच लागतात. खोकताना, शिंकताना लघवीचा थेंब निसटणं बायका वर्षानुवर्षं लाजेने लपवतात. त्यातलं बरंचसं या एका सवयीने टळतं.

योगासनांबद्दल महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. पुण्यातल्या अय्यंगार संस्थेत गीता अय्यंगार यांनी आयुष्यभर स्त्रियांच्या योगावर काम केलं. लोड, खुर्ची, भिंत यांचा आधार घेऊन आसन कसं सुखाचं करायचं, हे त्या परंपरेत बारकाईने शिकवतात. आधाराचं बद्धकोणासन, भिंतीजवळचं ताडासन, सावकाश अनुलोम-विलोम, भ्रामरी हे बहुतेकींना मानवतं. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणं, पोट आत ओढण्याचे बंध, पोटावर पालथं झोपून करायची आसनं आणि पोट पिळणारे ताण सोडून द्या. सूर्यनमस्कारात शरीर जमिनीला टेकतं, म्हणून पोट दिसू लागल्यावर नेहमीचे सूर्यनमस्कार नकोत. रथसप्तमीला १०८ घालायचा संकल्प या वर्षी राहू द्या. व्हिडिओ पाहून आसन करू नका. गरोदर स्त्रियांना शिकवण्याचा सराव असलेल्या शिक्षिकेकडेच जा, आणि कितवा महिना आहे ते पहिल्याच दिवशी सांगा.

पडण्याचा किंवा पोटाला मार लागण्याचा धोका असलेलं सगळं टाळा. कबड्डी, खो-खो, रस्त्यावरची सायकल, निसरड्या वाटेचे गड. तारकर्लीला गेलात तर स्कूबा नक्कीच नको. पाण्याखालून वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊ शकतात, आणि बाळाच्या फुफ्फुसांत ते गाळले जात नाहीत. श्रावणात मंगळागौरीला नवी सून बहुतेक वेळा आग्रहाने उठवली जाते, आणि पुष्कळदा तिला दिवस गेल्याचं अजून सांगितलेलंही नसतं. फुगडी आणि उड्यांच्या खेळांत गरगरतं, हात सुटतात. तिने बसून गाणी म्हणावीत. बाकीच्यांनी कारण विचारत बसू नये. आधीपासून पळणाऱ्या किंवा जिमला जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जोर कमी करून चालू ठेवायला हरकत नाही. पोहायला येत असेल तर त्यासारखं काही नाही. पाण्यात पोटाचा भार हलका होतो. नव्याने पोहायला शिकण्याची वेळ मात्र ही नाही.

आणि ती लादी. उकिडवं बसून पुसण्याने मांड्यांना व्यायाम होतो, गुडघे-कंबर दुखत नसेल तर करायला बंदी नाही. ओल्या लादीवर पाय घसरू शकतो, तेवढी काळजी घ्या. पण त्याने बाळंतपण ‘नॉर्मल’ होईलच, असं वचन कुणी देऊ नये. नियमित व्यायामाने सिझेरियनची शक्यता थोडी कमी होते, एवढंच म्हणता येतं. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, ठोके मंदावले असतील, तर कितीही व्यायाम केलेला असला तरी शस्त्रक्रिया लागते आणि ती जीव वाचवते. सिझर झालेल्या बाईला ‘काम केलं असतंस तर झालं नसतं’ असं म्हणणं क्रूर आहे आणि खोटंही आहे.

शेवटी, कधी थांबायचं. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखणं, व्यायाम सुरू करण्याआधीच धाप लागलेली असणं, छातीत दुखणं, चक्कर, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीत दुखून सूज येणं, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा. बाळाची हालचाल जाणवू लागल्यानंतर ती नेहमीपेक्षा कमी वाटली, तर उद्याची वाट पाहू नका. अधूनमधून पोट कडक होऊन थोड्या आरामाने, पाणी प्यायल्याने सैल पडणं शेवटच्या महिन्यांत होतं. आरामानेही थांबलं नाही तर दाखवायला जा. चालायला जाताना फोन बरोबर ठेवा आणि कुठे जाता ते घरी सांगून निघा. तपासणीची फाइल एकाच जागी, घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशी ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गरोदर स्त्रियांसाठी १०२ हे क्रमांक मोफत आहेत. फोन लावल्यावर कितवा महिना आहे, काय होतंय आणि नाव कोणत्या रुग्णालयात घातलंय, एवढं आधी सांगा.